श्वासनलिकांच्या मोजणीची कुळकथा

फुप्फुसातील श्वासनलिकांचे माप घ्यावे ही इच्छा वैद्यकाला फार जुनी असली, तरी ते माप जिवंत माणसाच्या छातीत, त्याला कोठेही न चिरता घेता येईल, अशी उमेद बाळगण्याजोगी साधने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी नव्हती. तोवर बारकाईची मोजणी होई ती मृतांची. एवाल्ड वाइबेल या स्विस शरीरशास्त्रज्ञाने श्वासवृक्षाचा जो तपशीलवार हिशेब १९६३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, त्यात सुमारे १८ मिलिमीटर व्यासाच्या मुख्य श्वासनलिकेपासून वायुकोशांपर्यंतची वाट २३ वेळा दुभंगते असे दाखविले होते. जिवंतांसाठी सिकार आणि फॉरेस्टिए या फ्रेंच वैद्यांची १९२२ पासूनची युक्ती होती. आयोडीनयुक्त तेल श्वासनलिकांत सोडून क्ष-किरण चित्र काढावयाचे. त्या तेलाने नळीची पोकळी दिसे, पण जिच्या सुजेने दमेकऱ्याचा जीव कासावीस होतो ती भिंत अदृश्यच राही.

ती भिंत दिसू लागण्याचा मार्ग गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या सीटी यंत्राने खुला केला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले, आणि १९७९ चे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना विभागून मिळाले, ही हकिकत अनेकांना ठाऊक असते. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट अशी की, या यंत्राने चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला आकडा दिला. पाणी शून्य आणि हवा उणे एक हजार या प्रमाणाला धरून शरीरातील प्रत्येक भागाची नोंद होऊ लागली. तथापि एका छेदाला काही मिनिटे घेणाऱ्या त्या आरंभीच्या यंत्रापुढे हलती छाती कशी टिकावी? ऐंशीच्या दशकात एक-दोन मिलिमीटर जाडीचे छेद आले, त्या दशकाच्या अखेरीस सर्पिल गतीचे यंत्र आले, तेव्हा कोठे एका दमात सबंध छाती टिपता येऊ लागली.

आज पनवेलच्या सीटी स्कॅन केंद्रात तंत्रज्ञ ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ असे म्हणतो आणि काही सेकंदांत काम उरकते. त्या चित्रातील एखादी श्वासनलिका मोठी करून पाहावी. ३५० मिलिमीटर रुंदीचा छेद ५१२ ठिपक्यांत विभागला, की एक ठिपका सुमारे ०.७ मिलिमीटरचा होतो, आणि तीन मिलिमीटर पोकळीच्या नळीची भिंत असते जेमतेम एक मिलिमीटरची. म्हणजे सारी भिंत दीड ठिपक्यात. काळ्या हवेतून पांढऱ्या भिंतीत जाताना मध्ये करड्या रंगाचा पट्टा लागतो, आणि हवेची हद्द कोठे संपली हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही.

या मोजणीच्या इतिहासाचे खरे मर्म मला या हद्दीच्या प्रश्नातच दिसते. तो कसा सोडवतात हे पनवेलच्याच एका जुन्या धंद्याच्या उपमेने सांगता येईल. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरात पनवेलचा प्रमुख धंदा म्हणून बैलगाडीच्या चाकांची घडण नोंदलेली आहे. घाटावरचे गाडीवान परतताना येथून चाकांची जोडी नेत. त्या चाकाच्या तुंब्यातून आरे जसे चहूकडे पाट्यांपर्यंत जातात, तशा नळीच्या मध्यबिंदूपासून संगणक सर्व दिशांना रेषा टाकतो. प्रत्येक रेषेवर आकडा हवेपासून चढत जाऊन भिंतीत शिखर गाठतो आणि पलीकडे फुप्फुसात उतरतो. चढावर व उताराव‍र जेथे तो अर्ध्यावर येतो, ते दोन बिंदू भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या कडा मानावयाच्या, असा संकेत रूढ झाला. संकेत सोयीचा खरा, पण पातळ भिंत त्याने जाड दिसते आणि पोकळी अरुंद, म्हणून ज्यांचे माप आधीच ठाऊक आहे अशा नळ्या यंत्रात ठेवून त्याची पारख करावी लागते.

पुढचा प्रश्न होता, मोजावी कोणती नळी? २००० साली यासुताका नाकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडातील शिखराकडे जाणारी शाखा मोजली. ती बरीचशी उभी चालत असल्याने आडव्या छेदात गोल दिसते. नंतर पायटेन नावाचे माप आले: अनेक नळ्या मोजून, १० मिलिमीटर आतील परीघ असलेल्या कल्पित नळीच्या भिंतीच्या क्षेत्रफळाचे वर्गमूळ काढावयाचे, म्हणजे लहानमोठ्या छातींची तुलना करता येते. पण हॉग, मॅक्लेम आणि थर्लबेक यांनी १९६८ मध्येच दाखविले होते की, श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट विकारात (सीओपीडी) हवेला मुख्य अडथळा दोन मिलिमीटरहून बारीक वाटांत होतो, आणि त्या वाटा सीटीच्या आवाक्याबाहेर राहतात. नाकानो प्रभृतींनी २००५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या फुप्फुसांच्या सूक्ष्म छेदांशी ताडून पाहिले, तेव्हा मोठ्या नळ्यांच्या मापावरून बारीक नळ्यांची अवस्था बरीचशी ओळखता येते असे आढळले. सारी मोजणी या अनुमानावर उभी आहे.

महाराष्ट्रात या मोजणीचे अगत्य चुलीमुळे अधिक आहे. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात जगाचे लक्ष वेधले ते विडी-सिगारेट न ओढणाऱ्या सीओपीडीच्या रुग्णांकडे. मेक्सिकोतील स्त्रियांच्या सीटी चित्रांवरून २०१४ मध्ये असे दिसले की, लाकडाच्या धुराने वायुकोशांचा नाश तंबाखूच्या मानाने कमी होतो, पण हवा आत अडकून राहण्याचे प्रमाण अधिक असते. म्हणजे दुखणे नळ्यांचे. पनवेल तालुक्याच्या वाड्यांत जिने आयुष्यभर सरपण जाळले, त्या बाईच्या धापेचे मूळ हुडकताना हा भेद वैद्याला कळलाच पाहिजे.

आणि तरीही सीटीच्या नेहमीच्या अहवालात ‘श्वासनलिकांच्या भिंती जाड’ एवढे शब्द येतात, आकडा क्वचितच येतो. याला सबळ कारण आहे. श्वास अपुरा घेतला, यंत्र बदलले, चित्र तीक्ष्ण करण्याची रीत बदलली, तरी माप बदलते. परंतु पूर्ण श्वासावर, एकाच यंत्रावर, एकाच रीतीने काढलेल्या चित्रात आकडे आधीच साठवलेले असतात, आणि ते मोजून घेण्यासाठी रुग्णाला क्ष-किरणांची आणखी एकही मात्रा द्यावी लागत नाही.