तळटीप १४ : टेसी थॉमस
१४. टेसी थॉमस (जन्म १९६३, आलप्पुळा, केरळ) : क्षेपणास्त्र अभियंत्या. त्रिशूरला विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर क्षेपणास्त्रविद्येचे पदव्युत्तर शिक्षण पुण्याजवळ गिरिनगरच्या आयुध तंत्रज्ञान संस्थेत झाले. मराठी वाचकासाठी हे आवर्जून नोंदवायला हवे. १९८८ मध्ये डीआरडीओत दाखल. १५ नोव्हेंबर २०११ रोजी यशस्वी चाचणी झालेल्या ‘अग्नी-४’च्या (पल्ला सुमारे ४,००० किमी) त्या प्रकल्प संचालक होत्या. देशात क्षेपणास्त्र प्रकल्पाची धुरा एका स्त्रीकडे येण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती केवळ कर्तृत्वावर मिळालेली. २०१८ मध्ये डीआरडीओच्या वैमानिकी प्रणाली विभागाच्या महासंचालकपदी नेमणूक. प्रस्तुत उल्लेख त्या काळातला. मजकुरातील ‘शिवाजीनगर’ म्हणजे बंगळूरच्या जुन्या छावणीतला, रसेल मार्केटचा भाग; पुण्याचे शिवाजीनगर नव्हे. — संपा.