सांत्वनाचे सात शनिवार

जेरुसलेमचं मंदिर दोनदा पडलं. पहिलं इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबिलोनी सैन्यानं पाडलं, दुसरं इ.स. ७०मध्ये रोमनांनी. ज्यू लोक आव महिन्याच्या नवव्या दिवशी उपास करून दोन्हींचा शोक पाळतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल त्याला बिरड्याचा सण म्हणत. त्यानंतरचे सात शनिवार सिनेगॉगमध्ये तोराच्या पाठामागून यशया संदेष्ट्याचे सांत्वनाचे सात उतारे वाचले जातात. ही माळ कुणी ओवली, याचा थेट पुरावा उरलेला नाही. हाती आहे त्यावरूनच जुळवणी करावी लागते.

सर्वांत जुना धागा मृत समुद्राकाठच्या कुमरानमध्ये मिळतो. तिथल्या चौथ्या गुहेतल्या हस्तलिखिताच्या काही तुकड्यांवर आधी जेरुसलेमभोवती सांडलेल्या रक्ताचा आक्रोश आहे, आणि पाठोपाठ यशयाच्या चाळीसाव्या अध्यायापासूनची धीराची वचनं. ही वस्ती इ.स. ६८च्या सुमारास उजाड झाली, म्हणजे हे लेखन दुसरं मंदिर उभं असतानाचं. सिनेगॉगमधल्या वाचनाचा हा पुरावा नव्हे; पण दुःखात यशयाच्या याच भागाकडे वळण्याची सवय जुनी होती, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

बाबिलोनी तालमूदमध्ये सणावारांच्या पाठांची यादी आहे. तीत हे सात एकत्र येत नाहीत. ते ओळीनं भेटतात ‘पसिक्ता दे-राव काहाना’ या पॅलेस्टाइनमधल्या प्रवचनसंग्रहात. तो साधारण पाचव्या-सहाव्या शतकातला मानतात. मधल्या काळात हा ग्रंथ अभ्यासकांच्या नजरेआड झाला होता. लिओपोल्ड झुंझ यांनी १८३२मध्ये, हस्तलिखित न पाहता, केवळ इतरांनी दिलेल्या उताऱ्यांवरून त्याचा आराखडा मांडला. सालोमन बूबर यांनी १८६८मध्ये हस्तलिखितांवरून तो छापला, तेव्हा झुंझ यांचा अंदाज बव्हंशी बरोबर निघाला. विद्वत्तेची अशी कमाई क्वचितच पाहायला मिळते.

खरा साक्षीदार मात्र उताऱ्यांचा क्रम आहे. पहिला चाळीसाव्या अध्यायातला, दुसरा एकोणपन्नासाव्यातला. तिसरा ५४व्या अध्यायाच्या अकराव्या ओवीपासून, चौथा मागे जाऊन ५१व्यातला, आणि पाचवा पुन्हा ५४व्यातला, पण पहिल्या ओवीपासून. एकाच अध्यायाचा उत्तरार्ध आधी आणि पूर्वार्ध दोन आठवड्यांनी, ही मांडणी नजरचुकीनं होत नाही.

सेविल्यच्या दाविद अबुदरहाम यांनी १३४०च्या सुमारास याचा उलगडा नोंदवला. पहिल्या उताऱ्यात देव संदेष्ट्यांना सांत्वनासाठी धाडतो. दुसऱ्यात सियोन, म्हणजे जेरुसलेम, म्हणते, देवानं मला टाकलं. तिसऱ्यात संदेष्टे परत येऊन सांगतात, तिचं समाधान झालेलं नाही. मग चौथ्या शनिवारी देव स्वतः बोलतो.

हे स्पष्टीकरण पसिक्तानंतर काही शतकांनी लिहिलेलं आहे, त्यामुळे ते मूळ योजकाच्या तोंडी घालता येणार नाही. तरीही उलटसुलट क्रमाचा याहून नीट अर्थ मला दिसत नाही: ज्यानं ही माळ लावली, त्यानं शोक करणाऱ्याला पहिलं सांत्वन नाकारायची मुभा दिली. सियोनचा स्वतःचा आनंद येतो तो थेट सातव्या उताऱ्यात, नववर्षाच्या आदल्या शनिवारी.