जड गाडी आणि सुरक्षित गाडी : एका समजुतीचा इतिहास

मागच्या खेपेला आपण आगगाडीच्या ब्रेकचा इतिहास पाहिला. आज विषय मोटारीचा आहे, आणि सुरुवात एका जुन्या प्रसंगाने करतो. तत्त्वज्ञानाचा मास्तर मोटारींवर का बोलतोय, हेही त्यातून कळेल.

मी तेव्हा नुकताच प्राध्यापक झालो होतो. माझे एक ज्येष्ठ स्नेही मुंबईहून पुण्याला येत असताना घाटाच्या अलीकडे त्यांची गाडी झाडावर आदळली. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. बंपर वाकलेला, बॉनेटला पोचा, बाकी काही नाही. जमलेल्यांपैकी एकजण कौतुकाने म्हणाला, "काय पत्रा आहे बघा, गाडीला काही झालं नाही!" आमचे स्नेही मात्र गेले होते. छाती स्टिअरिंगवर आपटली होती.

गाडी शाबूत आणि माणूस गेला, ही गोष्ट माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. आजही आपण शोरूममध्ये जातो, दारावर बोटाने टकटक करतो, दार धाडकन लावून बघतो आणि म्हणतो, "दणकट आहे." म्हणजे आपल्या मनात एक समीकरण पक्कं बसलंय. जड म्हणजे मजबूत, मजबूत म्हणजे सुरक्षित. हे समीकरण आलं कुठून, त्यात खरं किती आणि चूक कुठे, एवढंच आज बघायचं आहे.

सुरुवात मोटारीपासून नाही, विमानापासून होते. ह्यू डीहेवन नावाचा एक तरुण पहिल्या महायुद्धात कॅनडामध्ये वैमानिकाचं शिक्षण घेत होता. हवेत दोन विमानं धडकली आणि हा एकटा वाचला. "नशीब बलवत्तर" असं सगळे म्हणाले. याला ते उत्तर पटेना. पुढे त्याने उंच इमारतींवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास केला आणि १९४२ साली निबंध प्रसिद्ध केला. पन्नास ते दीडशे फुटांवरून पडलेली माणसं! त्याचा निष्कर्ष साधा होता. माणूस वेगाने मरत नाही, तो किती थोड्या अंतरात थांबला त्याने मरतो. खालची जमीन मऊ असेल, पत्रा चेपला असेल, थांबायला काही इंच जास्त मिळाले असतील, तर शरीर ते सोसतं.

याचीच परीक्षा अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत त्यांनी स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेतलं. वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर गेला आणि साधारण १.४ सेकंदात गाडी थांबली. स्वतःच्या वजनाच्या चाळीसपटीहून जास्त जोर त्यांच्या शरीरावर आला. ते जगले, आणि पुढे एकोणनव्वद वर्षांचे होऊन वारले.

आता हे मोटारीला लावा. थोडं गणित करतो, घाबरू नका. (हशा) ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. या वेगाने गाडी भिंतीवर आदळली आणि तिचं नाक ६० सेंटिमीटर चेपलं, तर आतल्या बांधलेल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण सोळापट झटका बसेल. नाक फक्त १० सेंटिमीटर चेपलं, तर तोच झटका शंभरपटीच्या जवळ जातो. आमच्या स्नेह्यांच्या गाडीचं नाक चेपलंच नव्हतं. ज्याचं कौतुक चाललं होतं, तोच दोष होता. आणि अंगावर पट्टा नव्हता.

हे मोटारीच्या रचनेत आणणारा माणूस म्हणजे बेला बारेनी. १९०७ साली व्हिएन्नाजवळ जन्मलेला अभियंता. जर्मनीत डाइम्लर-बेंझमध्ये असताना १९५१ साली त्याने एका पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना अशी की गाडीचे तीन भाग माना. मधला माणसांचा कप्पा पक्का, चेपता कामा नये. पुढचा आणि मागचा भाग मात्र मुद्दाम चेपेल असा करायचा. त्या काळी हे उलटंच वाटलं. कारखानदाराने आपली वस्तू मोडावी अशी बनवायची? १९५९ साली मर्सिडीजच्या नव्या मॉडेलमध्ये ही रचना बाजारात आली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट आला. हे बोलिन पूर्वी लढाऊ विमानांच्या आसनांवर काम करत होते. बघा, पुन्हा विमान.

म्हणजे १९५९ सालीच तत्त्व कळलं होतं. संरक्षण वजनात नाही, थांबण्याच्या अंतरात आहे. मग "जड म्हणजे सुरक्षित" ही समजूत मेली का नाही? कारण तिच्यात अर्धं सत्य आहे, आणि अर्धं सत्य फार चिवट असतं.

ते अर्धं सत्य असं. १५०० किलोची एक गाडी आणि १००० किलोची दुसरी, दोन्ही ताशी ५० ने समोरासमोर धडकल्या आणि एकमेकींत अडकल्या, तर दोन्ही मिळून जड गाडीच्या दिशेने ताशी १० किलोमीटरने सरकतील. म्हणजे जड गाडीचा वेग ४० ने बदलला आणि हलकीचा ६० ने. हलक्या गाडीतल्या माणसाला मोठा झटका बसणारच. हा संवेगाचा नियम आहे, त्याच्याशी भांडता येत नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने छोटी स्मार्ट आणि मोठी मर्सिडीज अशी टक्कर करून हे दाखवलं.

आता इतिहासातलं खरं भांडण. १९७३ चं तेलसंकट आलं आणि १९७५ साली अमेरिकेने कायदा केला की गाड्यांनी कमी पेट्रोलमध्ये जास्त धावलं पाहिजे. कंपन्यांनी सोपा रस्ता धरला. गाड्या लहान केल्या. १९८२ पर्यंत तिथल्या नव्या गाडीचं सरासरी वजन जवळपास ४०० किलोंनी घटलं. २००२ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने अहवाल दिला. या बदलामुळे एकट्या १९९३ या वर्षात बहुधा १,३०० ते २,६०० जास्तीचे मृत्यू झाले असावेत, असं बहुमत म्हणालं. समितीतल्या दोन सदस्यांनी मात्र लेखी असहमती नोंदवली. हा आकडा इतका ठामपणे सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

इथे माझा विषय येतो. तर्कशास्त्रात आम्ही शिकवतो की दोन गोष्टी नेहमी जोडीने बदलत असतील, तर परिणाम कोणाचा हे नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही. अमेरिकन गाड्या हलक्या झाल्या त्या लहान होऊन. वजन आणि लांबी-रुंदी दोन्ही एकदम घटली. लहान गाडीत चेपायला जागाच कमी. मग माणसं मेली ती किलो घटल्यामुळे की सेंटिमीटर घटल्यामुळे? पुढची दहा वर्षं संशोधक हे दोन धागे सोडवत बसले. धोरणही बदललं. २००६ पासून आधी हलक्या ट्रकना आणि मग मोटारींना नवं माप लागलं, चार चाकांच्या मधल्या क्षेत्रफळाचं. मोठ्या क्षेत्रफळाच्या गाडीला मायलेजची अट सौम्य. म्हणजे गाडी लहान करून पळवाट काढण्यात फायदा उरला नाही. आकार तसाच ठेवा, वजन कमी करा.

आता तुम्ही विचाराल, आकार तोच ठेवून वजन कमी करायचं कसं? १९९४ मध्ये जगभरच्या ३५ पोलाद कंपन्या एकत्र आल्या आणि पोर्शच्या अभियंत्यांकडून एक सांगाडा तयार करून घेतला. १९९८ मध्ये तो पुरा झाला. वजन २०३ किलो; तुलनेला घेतलेल्या गाड्यांच्या सांगाड्यांचं सरासरी वजन २७१ किलो. किमया काही नाही. सगळीकडे सारखा जाड पत्रा लावायचा नाही. जिथे जोर येतो तिथे जास्त ताकदीचं पोलाद, जिथे येत नाही तिथे पातळ. आपल्याकडची बाई पोळी लाटताना कडा जाड राहू देत नाही, तसंच.

सर्वांत मोठी क्रांती बोरॉन मिसळलेल्या पोलादाने केली. पत्रा ९०० अंशांच्या वर तापवायचा, लालभडक असतानाच साच्यात दाबायचा आणि साच्यातच झपकन थंड करायचा. तलवारीला पाणी देतात तेच तत्त्व. साध्या पत्र्याच्या चार-पाचपट ताकद येते. स्वीडनमध्ये हे तंत्र निघालं आणि १९८४ मध्ये साब गाडीच्या दारातल्या आडव्या पट्ट्यांत प्रथम वापरलं गेलं. २०१४ च्या व्होल्वोच्या एका मोठ्या गाडीत बॉडीच्या वजनापैकी ४० टक्के हेच पोलाद आहे. ते असतं माणसांच्या कप्प्याभोवती. नाकात नाही, कारण नाकाने चेपायचं असतं.

आणखी एक बारकावा आहे. गाडी हलकी केली आणि नाक पूर्वीइतकंच कडक ठेवलं, तर ती जास्त झटक्याने थांबेल. तेव्हा नाकही त्या मानाने मऊ करावं लागतं, आणि ते परवडतं. १५०० किलोची गाडी १२०० ची केली की त्याच वेगाला जिरवायची ऊर्जा २० टक्क्यांनी कमी होते.

ताजं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये फोर्डने आपला एफ-१५० पिकअप ॲल्युमिनियमचा केला आणि सुमारे ३०० किलो वजन उतरवलं. लोक म्हणाले, डबा केला डबा! (हशा) चार मोठ्या दारांच्या आवृत्तीला सरकारी चाचणीत पाच तारे मिळाले. विमा संस्थेच्या, गाडीचा एकच कोपरा आदळवणाऱ्या चाचणीतही ती चांगली ठरली. त्याच गाडीची छोट्या केबिनची आवृत्ती तिथे कमी पडली. धातू तोच. फरक एवढाच की मोठीत चाक आत घुसू नये म्हणून जादा पट्ट्या बसवल्या होत्या, छोटीत नव्हत्या. तेव्हा प्रश्न किलोचा नव्हता.

आता आपल्याकडे या. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळवल्या. पाचही शून्यावर. त्यातल्या पोलोचा सांगाडा मात्र टिकला होता. तिला दोन एअरबॅग लावून परत चाचणी झाली आणि चार तारे मिळाले. त्या एअरबॅगचं वजन ते किती?

शेवटचा मुद्दा नीतीचा आहे. मघाचं गणित आठवा. १५०० आणि १००० च्या टकरीत जड गाडीने झटका नाहीसा केला नाही, तो समोरच्याकडे ढकलला. दोघांनी २० टक्के वजन उतरवलं, १२०० आणि ८०० केलं, तरी वेगातला बदल तोच राहतो, ४० आणि ६०. पण दोघांनी वजन वाढवलं तर? एकमेकांच्या दृष्टीने काहीच मिळत नाही, आणि रस्त्यावर तिसरा असतो. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा. त्यांना नाक नाही, कप्पा नाही. आता विजेच्या गाड्यांच्या बॅटरीमुळे वजन पुन्हा चढतंय. अमेरिकेत एक विजेची हमर चार टनांच्या वर गेली आणि तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षांनी २०२३ मध्ये जाहीर चिंता व्यक्त केली. मी सुरक्षित होण्यासाठी दुसऱ्याला असुरक्षित करायचं, याला मी सुरक्षा म्हणणार नाही. पक्का कप्पा, चेपणारं नाक आणि पट्टा यांतून मिळणारं संरक्षण दुसऱ्याकडून हिसकावलेलं नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी शोरूममध्ये गेलात की दारावर टकटक करू नका. त्या आवाजातून गाडी किती सुरक्षित आहे ते कळत नाही. चाचणीचा निकाल मागा. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप आहे. कप्पा टिकला का, डमीच्या छातीवर किती जोर आला, ते वाचा. आणि मागच्या सीटवर बसलात तरी पट्टा लावा. आमच्या स्नेह्यांना हे सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं. तुम्हाला मी सांगितलंय.

प्रश्न असतील तर चहानंतर घेऊ.