शेक कोण देतं?

नागपुरात ज्या घरात कॅन्सरचा पेशंट आहे, त्या घरात ‘रेडिओथेरपी’ हा शब्द फारसा ऐकू येत नाही. ‘बाबांना शेक सुरू आहे’ असं म्हणतात. शिवनी, बालाघाट, छिंदवाड्याकडून येणारी माणसं ‘सिकाई’ म्हणतात. कोणी ‘लाइट’ म्हणतं, कोणी ‘करंट’. गंमत अशी, की यंत्राखाली झोपलेल्या माणसाला ऊब लागत नाही, झटका बसत नाही, काही दिसतही नाही. दोन-तीन आठवड्यांनी कातडी भाजल्यासारखी काळवंडते. त्यावरूनच हा शब्द आला असावा.

शेक म्हटलं की तो देणारं कोणीतरी हवं. कॅन्सरचे डॉक्टर किती शेक द्यायचे ते ठरवतात. भौतिकशास्त्र शिकलेला मेडिकल फिजिसिस्ट किरणांचं गणित मांडतो. पण रोज सकाळी नाव पुकारणारा, टेबलावर झोपवणारा, हनुवटी अर्धा सेंटीमीटर वर करायला लावणारा, खोलीतून सगळ्यात शेवटी बाहेर पडून दार लावणारा आणि मग बटण दाबणारा माणूस तिसराच असतो. ब्रिटनमध्ये त्याला थेरप्युटिक रेडिओग्राफर म्हणतात, आपल्याकडे रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट. बारावी सायन्सनंतर एमबीबीएसला नंबर न लागलेली बरीच मुलं-मुली बीपीएमटीच्या, म्हणजे पॅरामेडिकल पदवीच्या प्रवेशाकडे वळतात. तिथल्या शाखांच्या यादीत हे नाव असतं. पुष्कळांना ते एक्स-रे काढायचं काम वाटतं. या यादीतल्या एका ओळीमागे सव्वाशे वर्षं आहेत, आणि त्यांची सुरुवात वाईट आहे.

विल्हेल्म रोंटगेनला जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये ८ नोव्हेंबर १८९५ रोजी एक्स-रे सापडले. पुढच्या काही महिन्यांतच लोकांनी ते गाठींवर, त्वचेच्या रोगांवर वापरून पाहायला सुरुवात केली. किरण किती तीव्र आहेत हे मोजायचं साधन मात्र नव्हतं. मग ट्यूब नीट चालते का, हे कसं बघायचं? यंत्र चालवणारा आपलाच हात मध्ये धरायचा. पडद्यावर हाडं स्वच्छ दिसली की ट्यूब ठीक. असं दिवसातून कितीतरी वेळा. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये याच हातांच्या कॅन्सरने गेला. आधी हात कापले, मग जीव गेला. फिलाडेल्फियाचे डॉ. मिहरान कसाबियन स्वतःच्या झिजत चाललेल्या हातांचे फोटो काढून ठेवत होते. ते १९१० मध्ये वारले. हॅम्बर्गमधल्या एका हॉस्पिटलच्या आवारात १९३६ साली या मंडळींचं स्मारक उभारलं, तेव्हा त्यावर १६९ नावं होती. त्यांत डॉक्टर आणि शास्त्रज्ञ आहेत, तसे तंत्रज्ञ आणि परिचारिकाही आहेत. या धंद्यातली ही पहिली पिढी.

तोपर्यंत हा वेगळा पेशा मात्र नव्हता. डॉक्टरच यंत्र चालवायचा, नाहीतर त्याचा एखादा मदतनीस. एकदाच मोठा मारा करायचा आणि गाठ जळाली का ते पाहायचं, अशी पद्धत. गाठ जळायची, पण सोबत कातडी आणि मांसही.

यातून वाट काढली पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमधल्या क्लॉडियस रेगो यांनी, आणि तीही मेंढ्यांवर. एडक्याच्या वृषणात पेशी सतत भराभर विभागत असतात, कॅन्सरच्या गाठीसारख्याच. एकाच दणक्यात किरण देऊन एडका नपुंसक करायचा म्हटलं की वरची कातडी जळायची. तेच किरण थोडे-थोडे करून काही दिवसांत दिले तर काम व्हायचं आणि कातडी टिकायची. रेगोंचे सहकारी आंरी कुतार यांनी हेच घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर केलं. रोज थोडा डोस, आठवड्यांमागून आठवडे. १९२० च्या दशकात आणि १९३० च्या सुरुवातीला त्यांनी मांडलेले निकाल इतके चांगले होते, की आजही जगभर शेक याच तत्त्वावर दिले जातात. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला साधारण साठ ते सत्तर ग्रे एवढा डोस लागतो. तो एकेका दिवशी दोन ग्रे असा विभागतात. आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे.

माझ्या मते हा पेशा खऱ्या अर्थाने तिथे जन्मला, पॅरिसमधल्या मेंढ्यांच्या गोठ्यात म्हणा हवं तर. एकदाच मारा करायचा तर तो डॉक्टर करू शकतो. पण तीस-पस्तीस दिवस तोच माणूस, त्याच टेबलावर, त्याच कोनात, काही मिलिमीटरच्या फरकाने पुन्हा झोपवायचा तर ते काम करायला वेगळंच माणूस लागतं. योजना एकदा आखली जाते आणि ती पस्तीस वेळा अमलात येते. पस्तिसातली पाच चुकली तर योजना कितीही हुशारीची असो, गाठीचा एक कोपरा कमी शेकला जातो, नाहीतर पाठीचा मणका जास्त.

मराठी मुलखात या उपचाराचं मोठं केंद्र उभं राहिलं ते परळला. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या, आणि त्यानंतर टाटा ट्रस्टच्या पैशातून उभं राहिलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे. कॅन्सरचं हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे कसं, असा प्रश्न आजही अनेकांना पडतो. होमी भाभांना दिसत होतं, की या रोगाच्या उपचारात किरणांचं महत्त्व वाढणार आहे.

तसं झालंही. कॅनडात १९५१ च्या शरद ऋतूत कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूने रुग्णांवर उपचार सुरू झाले. चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये असं यंत्र १९५७ मध्ये आलं. पुढची कित्येक दशकं भारतातल्या सरकारी आणि धर्मादाय हॉस्पिटलांत शेक म्हणजे कोबाल्ट हेच समीकरण होतं. यंत्र दणकट, वीज कमी खाणारं, दुरुस्तीला सोपं. भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढे ‘भाभाट्रॉन’ नावाचं देशी यंत्रही बनवलं.

पण कोबाल्टला एक खोड आहे. त्याची ताकद दर ५.२७ वर्षांनी निम्मी होते. नव्या कोबाल्टखाली जो डोस दोन मिनिटांत मिळतो, त्याला पाच वर्षांनी चार मिनिटं लागतात आणि साडेदहा वर्षांनी आठ. स्रोत वेळेत बदलला नाही तर यंत्र बंद पडत नाही. बाहेरची रांग लांबत जाते, इतकंच. चंद्रपूर किंवा गडचिरोलीहून आलेल्या माणसासाठी याचा अर्थ आजचा शेक उद्यावर जाणं. आणि कुतारच्या हिशेबात मध्ये पडलेले खाडे गाठीच्या पथ्यावर पडतात. नागपूरच्या मेडिकलमधलं (नागपूरकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात) कोबाल्टचं जुनं यंत्र आणि रखडलेली कॅन्सर इन्स्टिट्यूट हे विषय वर्षानुवर्षं इथल्या वर्तमानपत्रांत येत राहिले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेले. बातम्यांमध्ये डॉक्टर बोलतात, मंत्री बोलतात. रांगेतल्या माणसाला ‘आज होणार नाही, उद्या या’ हे सांगणाऱ्याचं त्यात नाव नसतं.

कोबाल्टनंतर लिनियर अ‍ॅक्सिलरेटर आला. लोक त्याला ‘लिनॅक’ म्हणतात. त्यात किरणोत्सारी धातू नसतो. विजेच्या जोरावर किरण तयार होतात आणि त्यांची सूत्रं कॉम्प्युटरकडे असतात. मग बटण दाबणाऱ्याचं काम सोपं झालं का? अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात टायलर नावाचं गाव आहे. तिथल्या कॅन्सर सेंटरमध्ये मार्च १९८६ मध्ये थेराक-२५ नावाच्या यंत्रावर एक अनुभवी ऑपरेटर काम करत होती. तिने एका जागी ‘ई’ऐवजी ‘एक्स’ टाइप केलं, लगेच चूक सुधारली आणि उपचार सुरू केला. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ अशी अक्षरं आली. असे किरकोळ संदेश ते यंत्र सतत द्यायचं. तिने पुढे जाण्याचं बटण दाबलं. त्या दिवशी आतल्या खोलीचा व्हिडिओ जोडलेला नव्हता आणि आवाज ऐकण्याची यंत्रणा बिघडलेली होती. आत त्या माणसाला ठरल्याच्या कितीतरी पट मात्रा बसली होती. तो उठायला गेला, तोवर दुसरा मारा झाला. शेवटी त्याने दार बडवलं. पाच महिन्यांनी तो गेला. एप्रिलमध्ये दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तेच घडलं. तोही वाचला नाही.

कंपनीच्या इंजिनिअरांना हा बिघाड पुन्हा घडवून दाखवता येत नव्हता. तो सापडला तिथल्या फिजिसिस्टला, आणि या ऑपरेटरमुळेच. तिला आपण कोणत्या क्रमाने काय टाइप केलं ते आठवत होतं. दोघांनी मिळून तेच पुन्हा-पुन्हा करून पाहिलं. चूक सॉफ्टवेअरमध्ये होती. सरावाच्या हातांनी दुरुस्ती फार भराभर केली की यंत्र गोंधळायचं. नवशिक्या हातांखाली ती चूक कधी दिसलीच नसती. सॉफ्टवेअर शिकवणारे प्राध्यापक आजही ही गोष्ट वर्गात सांगतात. रेडिओथेरपीच्या प्रत्येक वर्गात ती त्याहून आधी सांगायला हवी. कॅमेऱ्यातून आत बघत राहणं आणि आतला आवाज ऐकणं हा या नोकरीतला फावल्या वेळेचा उद्योग नाही.

आता नागपूर. या शहरात मानेवाडा रोडवरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. ज्यांच्या नावाने ते आहे, ते तुकडोजी महाराज स्वतः १९६८ मध्ये कर्करोगानेच गेले. वर्धा रोडवर जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. तिथे २०१७ मध्ये रुग्णसेवा सुरू झाली आणि २०२३ मध्ये औपचारिक उद्घाटन झालं. मेडिकल तर आहेच. या सगळ्यांच्या वेटिंग हॉलमध्ये एक गोष्ट सारखी दिसते, ती म्हणजे तोंडाचा कॅन्सर. कारण सांगायला विदर्भात संशोधकाची गरज नाही. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा प्रत्येक पानठेल्यावर मिळतो.

खर्रा वर्षानुवर्षं खाणाऱ्याचं तोंड पुरतं उघडत नाही. त्यामुळे शेकाची तयारीच कठीण होते. डोकं हलू नये म्हणून रुग्णाच्या चेहऱ्याचा मुखवटा करतात. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करायचा, चेहऱ्यावर ओढून बसवायचा, काही मिनिटांत तो कडक होतो आणि टेबलाला क्लिपांनी घट्ट बसतो. हे काम टेक्नॉलॉजिस्ट करतो. ज्याचं तोंड दुखतंय, जो आधीच घाबरलाय, त्याला ‘पाच मिनिटं गिळू नका, काका’ असं सांगत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात रुग्णाला घास उतरत नाही, वजन घटतं, आणि मुखवटा सैल होतो. हे आधी डॉक्टरला दिसत नाही, स्कॅनमध्येही दिसत नाही. रोज क्लिप लावणाऱ्या बोटांना कळतं. छातीवर किंवा पोटावर शेक असेल तर कातडीवर शाईच्या खुणा असतात, भिंतीवरच्या लेझरच्या रेषा त्यांच्याशी जुळवायच्या. मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात, एसटीने प्रवास करून आलेल्या माणसाच्या अंगावर त्या खुणा घामाने किती टिकतात, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळायचं नाही.

एवढं असून कायद्याला हा माणूस दिसायला फार उशीर झाला. डॉक्टरांसाठी मेडिकल कौन्सिलचा कायदा १९३३ चा. नर्सिंगचा १९४७ चा, फार्मसी आणि दंतवैद्यांचा १९४८ चा. रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट हे नाव देशव्यापी व्यावसायिक कायद्याच्या परिशिष्टात आलं ते २०२१ मध्ये, नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स अ‍ॅक्टमध्ये. त्याआधी त्याची दखल घेत होती ती अणुऊर्जा नियामक परिषद, म्हणजे एईआरबी. तिची स्थापना १९८३ ची. पात्र टेक्नॉलॉजिस्ट नसेल तर हॉस्पिटलला यंत्र चालवायचा परवाना मिळत नाही. म्हणजे किरणांच्या धोक्याच्या बाजूने हा माणूस सरकारला आधी माहीत झाला आणि उपचाराच्या बाजूने चार दशकांनी. नव्या आयोगाने २०२५ मध्ये ज्या दहा पेशांचे देशभरासाठी अभ्यासक्रम जाहीर केले, त्यात रेडिओथेरपी टेक्नॉलॉजी आहे.

म्हणून फॉर्म भरणाऱ्यांसाठी थोडं रोकडं बोलू. बीपीएमटी ही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी आहे आणि नागपूरच्या मेडिकलमध्येही तिला प्रवेश होतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र लागतं. रेडिओग्राफी आणि रेडिओथेरपी या दोन वेगळ्या शाखा आहेत. पहिलीत चित्र काढतात, दुसरीत उपचार करतात, आणि एकीची पदवी दुसरीला चालत नाही. ज्या कॉलेजात जाल तिथे कोणतं यंत्र चालू आहे ते आधी विचारा. लिनॅक नुसता पुस्तकात बघून शिकता येत नाही. २०२१ च्या कायद्यानंतर प्रवेशाचे नियम बदलत आहेत, तेव्हा मागच्या वर्षीच्या सिनिअरचा सल्ला ऐकून घ्या, पण माहितीपुस्तक यंदाचंच वाचा.

प्रात्यक्षिकं सुरू झाली की छातीवर लावायला एक बिल्ला मिळतो, टीएलडी बॅज. त्यातल्या बारीक चकत्या तुमच्या अंगावर पडलेले किरण साठवून ठेवतात. दर तीन महिन्यांनी तो बिल्ला मोजणीसाठी जातो. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला वीस मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात तीस, ही भारतातली काम करणाऱ्यांची मर्यादा. शिकाऊ उमेदवारांसाठी ती वर्षाला फक्त सहा आहे. डॅलीच्या काळात हाच हिशेब माणसाचा हात ठेवत होता. अठरा पूर्ण नसतील तर किरणांच्या कामावर नोकरी देता येत नाही. बारावी झालेल्यांतली बरीच मुलं तेव्हा सतरा वर्षांचीच असतात. त्यांना शिकता येतं, बिल्ला लावून, कमी मर्यादेत. अर्जात जन्मतारखेचा रकाना असतो, तो एवढ्यासाठीही नीट भरा.