शस्त्रधारणाधिकार, भारतातील

सामान्य नागरिकास स्वसंरक्षणार्थ अग्निशस्त्र बाळगण्याचा व वागविण्याचा हक्क असावा, या मागणीचा भारतातील इतिहास आणि तिला कायद्याने वेळोवेळी दिलेले उत्तर हा प्रस्तुत नोंदीचा विषय होय. आज ही मागणी बहुधा गुन्हेगारीच्या संदर्भात मांडली जाते. परंतु तिचा उगम चोरदरोडेखोरांच्या भयात नसून, परकीय सरकारने सबंध प्रजेला एका कलमाच्या फटकाऱ्याने अविश्वासार्ह ठरविले या अपमानाच्या जाणिवेत आहे, आणि हे मूळ ध्यानी न घेतल्यास तिच्या पुढील वाटचालीतील विसंगतींचा उलगडा होत नाही. अमेरिकेच्या संविधानातील दुसऱ्या दुरुस्तीशी (१७९१) तिची तुलना वारंवार करण्यात येते, ती वरवरची आहे. तेथे हक्क संविधानातच असून वाद त्याच्या मर्यादांविषयी चालतो. येथे तो हक्क संविधानात शिरता शिरता राहिला.

१८७८ चा कायदा : १८५७ च्या उठावानंतर लागलीच शस्त्रबंदीचे हंगामी कायदे झाले, त्यांना कायमचे व अखिल भारतीय रूप लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दीत, १८७८ च्या अकराव्या कायद्याने आले. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. पुढे लॉर्ड रिपनने वृत्तपत्रांचा कायदा रद्द केला, शस्त्रकायदा मात्र तसाच ठेवला, ही गोष्ट त्या उदार म्हणविणाऱ्या राजवटीची मर्यादा दाखविण्यास पुरेशी आहे. या कायद्याच्या व्याख्येत बंदुका व तोफा यांच्याबरोबर संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, एवढेच नव्हे तर धनुष्यबाणही समाविष्ट होते. परवान्यावाचून बंदूक बाळगणारास तीन वर्षांपर्यंत कैद, आणि ती सरकारी अंमलदारांपासून लपविण्याचा हेतू शाबीत झाल्यास सात वर्षांपर्यंत, अशी शिक्षेची तजवीज होती. तथापि लोकांच्या मनाला डाचले ते शिक्षेचे मान नव्हे. कायद्याखालील नियमांनी युरोपियनांना परवान्याच्या जाचातून मुक्त केले, तसेच काही संस्थानिक, पदवीधारी व सरकारमान्य प्रतिष्ठित यांनाही सूट दिली, आणि ज्यास ‘बाकीची रयत’ म्हणावे तिला मुलकी अंमलदाराच्या मर्जीवर सोडले. ही वर्णभेदमूलक सूट पहिल्या महायुद्धानंतर काढून घेण्यात आली.

राष्ट्रसभेची भूमिका : १८८७ साली मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रसभेच्या (काँग्रेसच्या) तिसऱ्या अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव झाला आणि तो मांडणाऱ्यांत तरुण बिपिनचंद्र पाल होते. ठरावाची कायदेशीर बांधणी अभ्यासकांनी बारकाईने पाहण्याजोगी आहे. प्रजेची राजनिष्ठा, कायद्याच्या अंमलबजावणीतील जाच आणि देशावर अकारण लागलेला कलंक ही कारणे दर्शवून, शस्त्र बाळगण्याची मुभा सर्वांस असावी आणि ती ज्यास नाकारावयाची त्यास सरकारने कारणे लेखी नमूद करून व प्रसिद्ध करून नाकारावी, अशी मागणी त्यात होती. म्हणजे हक्क हा नियम व नकार हा अपवाद, आणि अपवाद सिद्ध करण्याचा भार सरकारवर. मात्र हा नकार व्यक्तीप्रमाणे विशिष्ट जमातींना व वर्गांनाही लागू करता यावा, अशी सवलत ठरावकर्त्यांनी आपण होऊन सरकारला देऊ केली होती. ती त्या काळच्या सुशिक्षित वर्गाच्या समजुतींवर प्रकाश टाकते.

लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून या प्रश्नाला निराळे वळण दिले. मुझफ्फरपूरच्या बाँबप्रकरणानंतर लिहिलेल्या ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून १९०८) या अग्रलेखात त्यांनी मोगल अमदानीशी तुलना करून, इंग्रजांनी केवळ आपला कारभार निर्वेध चालावा म्हणून राष्ट्राचे पौरुष मारले, अशी मांडणी केली. आणि ज्या दोन लेखांवरून त्यांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यांपैकी हा एक होय. निःशस्त्रीकरण व नामर्दपणा यांचे हे समीकरण पुढे महाराष्ट्रात खोलवर रुजले. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिक येथे सुरू केलेले भोसला मिलिटरी स्कूल व सावरकरांची सैनिकीकरणाची मोहीम यांच्या मुळाशी तेच आहे; तथापि या दोहोंचा रोख खासगी बंदुकीपेक्षा सैन्यभरतीवर होता, म्हणून त्यांचा विस्तार येथे केलेला नाही.

गांधीजींचे मत शस्त्रवादी मंडळी आजही हटकून पुढे करतात. सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या कायद्याला ब्रिटिश राज्याच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळे स्थान मिळेल, या आशयाचे त्यांचे विधान आत्मकथेत आहे, हे खरे. परंतु ते मुळात १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकातील असून, सरकारला संकटकाळी साहाय्य केल्यास हा कायदा रद्द होईल व शस्त्र चालविण्याचे शिक्षणही मिळेल, असा त्यातील युक्तिवाद होता. विधान उद्धृत करणारे हा संदर्भ सहसा देत नाहीत. त्याहून नेमके प्रमाण ३० जानेवारी १९३० च्या ‘यंग इंडिया’त सापडते. व्हाइसरॉय आयर्विन यांच्यापुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत, लोकांच्या नियंत्रणाखाली स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने द्यावेत, ही एक होती. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने केलेली ही मागणी मिठाच्या करासारख्या मागण्यांच्या छायेत विस्मृत झाली.

नेहरू अहवाल (१९२८) व राष्ट्रसभेचा मूलभूत हक्कांविषयीचा कराची ठराव (१९३१) या दोहोंतही, त्यासंबंधी केलेल्या नियमांस अधीन राहून प्रत्येक नागरिकास शस्त्र बाळगण्याचा व वागविण्याचा हक्क राहील, असे कलम होते.

संविधान सभेतील चर्चा : स्वातंत्र्यानंतर कराचीचे हे कलम संविधानात येईल अशी अपेक्षा बाळगणे गैर नव्हते, पण मसुद्याच्या तेराव्या अनुच्छेदात (सध्याचा एकोणिसावा) त्याचा मागमूस नव्हता. डिसेंबर १९४८ मध्ये या अनुच्छेदावर चर्चा चालू असता, सनदी नोकरीचा राजीनामा देऊन सुभाषचंद्र बोसांच्या पक्षात गेलेले हरि विष्णु कामथ यांनी, ‘शस्त्रे बाळगण्याचे व वागविण्याचे’ स्वातंत्र्य यादीत घालावे आणि सार्वजनिक शांततेसाठी त्यावर निर्बंध घालण्याची मुभा सरकारला असावी, अशी दुरुस्ती मांडली व कराची ठरावाचा हवाला दिला.

डॉ. आंबेडकरांचे उत्तर या विषयावरील भारतीय विचाराचे शिखर मानावे, असे प्रस्तुत संकलकाचे मत आहे. कराची ठराव आपणास ठाऊक आहे हे मान्य करून त्यांनी त्याची उपपत्ती लावली. परकीय सरकारने शस्त्र नाकारले ते सुव्यवस्थेसाठी नव्हे, तर जित प्रजेला जेत्यांविरुद्ध उठता येऊ नये म्हणून. ते सरकार गेल्यावर मागणीचे कारणही गेले. प्रत्येकास बाजारातून मारण्याची साधने विकत घेण्याचा हक्क राहिला तर राज्यकारभार कसा चालावा, हे आपल्या कल्पनेपलीकडचे आहे, असे त्यांनी सांगितले. कामथांच्या परंतुकावर त्यांचा आक्षेप शुद्ध कायद्याचा होता : मूलभूत हक्क सर्वांचा असतो, तो चोराला वा दरोडेखोराला नाही असे म्हणावयाचे झाल्यास केवळ नियमनाच्या अधिकाराने ते साधत नाही, असा त्याचा आशय. शेवटी, आपण आग्रह धरावयाचा तो शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नसून कर्तव्याचा, म्हणजे संकटसमयी देशरक्षणास उभे राहण्याचा, या विधानाला सभेने दाद दिली. दुरुस्ती फेटाळण्यात आली.

संविधानात शस्त्राचा उल्लेख त्यामुळे उलट अंगाने आला. एकोणिसाव्या अनुच्छेदात एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे, ते शांततेने व विनाशस्त्र जमण्याचे. आणि पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणानुसार शिखांचे कृपाण हे धर्माचरणाचा भाग आहे.

१९५९ चा कायदा : स्वतंत्र भारतात लिटनचा कायदा आणखी पंधरा वर्षे टिकला. नव्या कायद्याच्या उद्देशनिवेदनात जुन्याचा हेतू सबंध राष्ट्राला निःशस्त्र करण्याचा होता, असे स्पष्ट म्हटले असून, कायदा पाळणाऱ्या नागरिकास स्वसंरक्षणार्थ शस्त्राची गरज भासू शकते, हेही मान्य केले आहे. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. तलवारी-भाले सर्वसाधारणपणे परवान्यातून सुटले. ते अधिसूचित प्रदेशापुरतेच नियंत्रित राहिले. बंदुकीचा परवाना सक्तीचा राहिला, परंतु संरक्षण वा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा परवाना द्यावा, असे तेराव्या कलमाचे शब्द आहेत. चौदाव्या कलमान्वये पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून अर्जदारास नकार देता येत नाही, आणि नकाराची कारणे, लोकहितास बाध येत नसेल तर, लेखी द्यावी लागतात. मद्रासच्या ठरावातील लेखी कारणांची अट अशा रीतीने बहात्तर वर्षांनी, हक्काविना का होईना, कायद्यात उतरली. आश्चर्य हे की शस्त्रहक्काचे आजचे पुरस्कर्ते गांधीजींचे वाक्य उद्धृत करतात, पण या कलमाकडे फारसे वळत नाहीत.

१९८३ च्या दुरुस्तीने एका इसमास तीनच अग्निशस्त्रांची मर्यादा आली. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. मूळ विधेयकात एकच शस्त्र ठेवण्याची तरतूद होती, ती विरोधामुळे सैल झाली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तिनावरून पाच वर्षे केली, बेकायदा निर्मितीची शिक्षा आजन्म कारावासापर्यंत वाढविली आणि लग्नवरातीत हर्षाने गोळीबार करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण व वैद्यकीय प्रमाणपत्र यांची भर घातली.

न्यायालये : अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये एका निर्णयात, अनिषिद्ध शस्त्र बाळगणे हा एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असून अर्ज मुदतीत निकालात न काढल्यास परवाना मिळाला असे समजावे, असे म्हटले, त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने पुढे ते अमान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये, बेकायदा शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना, अमेरिकेप्रमाणे आपल्याकडे असा मूलभूत हक्क नाही याचे स्मरण दिले. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांच्या बंदुका सरसकट जमा करून घेण्याच्या प्रथेसंबंधी मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील प्रकरणात, प्रत्येक परवानाधारकाचा पृथक् विचार झाला पाहिजे, असे ठरविले आहे. कोकणात वानर व रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा निर्णय घटनात्मक तत्त्वचर्चेहून मोलाचा आहे.

संघटित पुरस्कार व गुन्हेगारीविषयीचा वाद : मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर परवाने अधिक कडक करण्याच्या तजविजी पुढे आल्या आणि त्यांच्या प्रतिक्रियेतून शस्त्रहक्कवादी नागरिकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. नेमबाज, शिकारीची परंपरा सांगणारी घराणी व शस्त्रविक्रेते हे तिचे बळ होते. त्यांचा मुख्य युक्तिवाद असा की गुन्हे परवान्याच्या बंदुकीने क्वचितच घडतात, ते ‘गावठी कट्ट्या’ने घडतात, तेव्हा परवाने आखडणे म्हणजे निरुपद्रवी माणसाला निःशस्त्र करणे होय. पोलिसी जप्तीत बिनपरवाना शस्त्रांचे प्रमाण फार मोठे असते, एवढा भाग निर्विवाद आहे. मीर कासिमाच्या शस्त्रागारापासून बंदुकीच्या कारागिरीसाठी ख्यात असलेले बिहारातील मुंगेर आणि जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगतचे मध्यप्रदेशातील उमर्टी ही नावे तपासाच्या कागदपत्रांत वरचेवर येतात. परंतु त्यावरून परवाने वाढविल्यास गुन्हे घटतील, असे अनुमान निघते किंवा कसे, याविषयी मतभेद आहेत.

आकड्यांविषयीही एकमत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या दप्तरी २०१६ अखेर सुमारे ३३.७ लक्ष परवाने असून त्यांपैकी १२.७७ लक्ष एकट्या उत्तर प्रदेशात होते. जिनिव्हा येथील स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने २०१८ मध्ये भारतातील नागरिकांकडील अग्निशस्त्रांचा अंदाज ७ कोटी ११ लक्ष इतका केला व त्यांपैकी ९७ लक्ष नोंदलेली मानली. परवाने व शस्त्रे ही निरनिराळी मापे आहेत हे गृहीत धरूनही या दोहोंचा मेळ बसत नाही.

कोडगूचा अपवाद : कर्नाटकातील कोडगूच्या कोडव लोकांना व ‘जम्मा’ (वंशपरंपरागत) जमिनीच्या धारकांना १८६१ पासून परवान्यातून सूट आहे. शस्त्रपूजा ही त्यांच्या ‘कैलपोळ्द’ सणाचे अंग आहे. केंद्र सरकारने ही सूट २०२९ पर्यंत वाढविली व कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरविली. भारतात बंदूक परवान्यावाचून वंशपरंपरेने घरात असण्याचे हे जवळजवळ एकमेव कायदेशीर उदाहरण होय.

गोवा : पोर्तुगीज अमदानीत, म्हणजे १९६१ पर्यंत, भारतीय शस्त्रकायदा तेथे लागू नव्हता.