श्वसनसंसर्गातील माता व नवजात शुश्रूषा

फ्लू, स्वाइन फ्लू, कोविड किंवा न्यूमोनियासारख्या तीव्र श्वसनविकारांत गरोदर, बाळंतीण व नवजात यांची घ्यावयाची काळजी. वाढते गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलते, प्राणवायूची गरज वाढते. त्यामुळे साधा वाटणारा ताप गरोदरपणी लवकर चिघळतो. २००९ च्या स्वाइन फ्लू साथीत हे जगभर दिसले.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मुंबईच्या नायर रुग्णालयाचे. एप्रिल २०२० मध्ये ते कोविड रुग्णालय झाले आणि तेथे हजाराहून अधिक बाधित मातांची बाळंतपणे पार पडली. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने अशा मातांची ‘प्रेगकोविड’ नोंदवही ठेवली. गरोदर महिलांना कोविड लस मात्र जुलै २०२१ मध्ये खुली झाली. दुसरी लाट तोवर ओसरली होती. हा उशीर महागात पडला.

उपचारांत प्राणवायूची पातळी ९५ टक्क्यांच्या वर राखतात, कुशीवर झोपवतात. फ्लूची शंका असल्यास ऑसेल्टामिविर अहवालाची वाट न पाहता सुरू करतात. आई शुद्धीवर असेल तर बाळाला तिच्यापासून तोडू नये: हात धुऊन, मास्क लावून अंगावर पाजावे. शेक-शेगडीचा धूर बाळंतिणीच्या खोलीत नकोच.

बाळाचा श्वास मिनिटाला ६० वा अधिक, छाती आत ओढली जाणे, दूध न ओढणे, अंग गार पडणे ही धोक्याची चिन्हे. अशा वेळी वाट न पाहता रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा.