नाव हाकणारं क्रियापद

मागच्या भागानंतर इंदूरच्या एका श्रोत्यांनी विचारलं, "मूळ भाषेशी जास्त मिळताजुळता शब्द, तोच जास्त जुना ना?" मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. चुकीचं होतं ते.

लॅटिनमधलं 'नाविगारे' घ्या. 'नाविस' म्हणजे नाव. आपल्या संस्कृत 'नौ'चं सख्खं भावंडं. आणि 'आगेरे' म्हणजे हाकणं, गुरं हाकतात तसं. आपणही गुरं हाकतो आणि गलबत हाकारतो, गंमतच आहे.

रोमन साम्राज्य गेलं, बोलणारे राहिले. फ्रान्समध्ये पिढ्यान् पिढ्या घासून या शब्दाचा मधला भाग गळाला आणि आज उरला 'नाजे'. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ जलप्रवास करणं, वल्हवणं असाच होता. पोहण्यासाठी वेगळं क्रियापद होतं. पण ते आणि 'गाठ मारणं' हे क्रियापद उच्चारात एकसारखं झालं. घोटाळा होऊ लागला. हळूहळू 'नाजे'च पोहणं या अर्थाने रुळलं. आता जहाज हाकायला काय म्हणायचं? चौदाव्या शतकाच्या सुमारास शिकलेल्या मंडळींनी लॅटिन ग्रंथांतून तोच शब्द पुन्हा उचलला: 'नाविगे'. म्हणजे लॅटिनसारखा दिसणारा शब्द नवखा आणि ओळखू न येणारा 'नाजे' घरातला! आपल्याकडे 'नाव' आणि 'नौका' यांचं नातं असंच आहे. (आणि घोटाळा म्हणाल, तर बोटीची नाव आणि माणसाचं नाव आपणही एकाच उच्चारात चालवतो.)

इटालियनमध्ये 'नाविगारे', स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये 'नावेगार'. 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पुढे पाव, बटाटा, चावी मराठीत आले, हे क्रियापद नाही आलं. कोकणच्या तांडेलांकडे स्वतःचे शब्द होतेच. त्यातलं 'सुकाणू' तर अरबी वळणाचं.

खरी मेख रुमानियनमध्ये आहे. तिथेही 'नाविगा' आहे. ते पाहून कुणी म्हणेल, बघा, रोमन वारसा अखंड! पण ही भाषा शतकानुशतकं स्लाव शेजाऱ्यांत वाढली. जहाजासाठीचा तिचा जुना शब्द 'कोराबिए' स्लाव आहे. एकोणिसाव्या शतकात 'आम्ही रोमनांचे वंशज' हा विचार तिथे जोरात होता. 1860च्या सुमारास सिरिलिक लिपी सोडून लॅटिन लिपी आली, आणि फ्रेंच, इटालियन, लॅटिनमधून शब्दांची मोठी आयात झाली. 'नाविगा' त्याच लाटेतलं. रुमानियन लॅटिनचीच लेक आहे, यात वाद नाही. पण त्याचा पुरावा झिजलेल्या घरगुती शब्दांत शोधावा लागतो. आणलेल्या शब्दाला वारशाचा साक्षीदार म्हणून उभं करता येत नाही. आपल्या भाषेचं वय काढतानाही ही चूक सर्रास होते, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

आज फ्रेंच माणूस इंटरनेटवरही 'नाविगे'च करतो. 'नाजे' मात्र तलावात. फक्त फ्रेंच खलाशांच्या बोलीत, छोट्या होडीत वल्ही मारताना, अजूनही 'नाजे' म्हणतात.